ईएमआर सॉफ्टवेअरची तुलना: माझा पहिला तक्ता का फसला

उंब्रजच्या आमच्या घरात फळीवर एक पिवळी कापडी पिशवी असते. कुठल्याशा लग्नाच्या बस्त्यात साडीच्या दुकानातून मिळालेली. तिच्यात आजीची गेल्या बारा-चौदा वर्षांची कागदपत्रं आहेत. केसपेपर, रक्त-लघवीचे रिपोर्ट, अक्षरं उडालेली ईसीजीची पट्टी, कराडच्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आणि का कोण जाणे, रेशनकार्डसुद्धा. दवाखान्यात निघताना आजीच्या आधी पिशवी निघते.

एकदा ती निघाली नाही. आजी तासगावला आत्याकडे गेली होती आणि पिशवी फळीवरच राहिली. तिथं लघवीला जळजळ सुरू झाली म्हणून आत्या तिला जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. "मला एक गोळी सोसत नाही" एवढं आजीनं सांगितलं, पण गोळीचं नाव तिला कुठून माहीत असणार? मिळालेल्या औषधात सल्फा होतं. तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ आलं, तोंडात फोड आले आणि पाच दिवस ॲडमिट राहावं लागलं. ती बरी झाली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अगं, त्या कराडच्या डागदरनं ती गोळी बंद केली हुती की." कार्ड काढून बघितलं. खरंच, मागच्या बाजूला लाल शाईनं लिहिलेलं होतं. तासगावच्या डॉक्टरांना बोल लावण्यात अर्थ नव्हता, त्यांच्यासमोर तो कागदच नव्हता.

मी एम.एस्सी. संख्याशास्त्रात केलं. पीएच.डी.साठी 'रुग्णालयांसाठीच्या ईएमआर सॉफ्टवेअरची तुलना' हा विषय घेतला त्यामागे ही पिशवी होती, हे मी मुलाखतीत सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिस लिहिण्याच्या टप्प्यावर असतील आणि त्यातल्या अनेकांच्या विषयात 'तुलनात्मक अभ्यास' हे शब्द असतील. म्हणून माझी पहिली फजिती सविस्तर सांगते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. एका दवाखान्यानं आपल्या रुग्णांची आपल्यापुरती ठेवलेली संगणकीय नोंद म्हणजे ईएमआर. तीच नोंद एका दवाखान्यातून दुसऱ्यात रुग्णाबरोबर जाऊ शकते, तेव्हा तिला ईएचआर म्हणतात. आणि किती ओपीडी झाली, किती बाळंतपणं झाली, किती खाटा भरल्या असे आकडे वर पाठवण्यासाठी जे असतं ते एचएमआयएस. जाहिरातींत हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. तुम्ही तसं करू नका, व्हायव्हात पहिला प्रश्न यावरच येतो.

तर मी काय केलं? सहा सॉफ्टवेअर निवडली आणि चाळीस ओळींचा तक्ता केला. नोंदणी आहे का? अपॉइंटमेंट? बिलिंग? लॅब? ॲलर्जी? भाषा बदलता येते का? प्रत्येक संकेतस्थळ वाचून 'होय' किंवा 'नाही' भरलं, 'होय'ला एक गुण दिला आणि बेरीज करून क्रमांक लावले. महिनाभर राबून केलेला तो तक्ता रंगीत प्रिंट काढून मॅडमकडे, म्हणजे माझ्या गाईडकडे नेला. त्यांनी ॲलर्जीच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं सहाच्या सहा 'होय' होते. "यातलं कुठलं तुझ्या आजीला वाचवेल?" त्यांनी विचारलं. (त्यांना गोष्ट माहीत होती, एकदा चहा पिताना मीच सांगितली होती.) मला उत्तर देता आलं नाही. ज्या ओळीसाठी हा विषय घेतला, नेमकी तीच ओळ तक्त्यात काहीही सांगत नव्हती.

मग तक्ता बाजूला ठेवला आणि एक काल्पनिक रुग्ण तयार केली. नाव शांताबाई. मधुमेह, बीपी, सल्फाची ॲलर्जी, जन्मतारीख माहीत नाही. त्या उंब्रजच्या दवाखान्यात येतात, क्रिएटिनिन तपासायला कराडला जातात, रिपोर्ट घेऊन परत येतात आणि महिन्याभरानं लघवीच्या त्रासासाठी पुन्हा येतात. एवढीच गोष्ट, आणि हीच प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत भरायची. सहाची तीन केली: ओपनईएमआर, ओपनएमआरएस आणि बाह्मनी. कारण साधं आहे. तिन्ही मुक्त स्रोत आहेत, आपल्या लॅपटॉपवर लावून बघता येतात आणि आतले तक्ते उघडून वाचता येतात. एनआयसीचं ई-हॉस्पिटल किंवा सी-डॅकचं ई-सुश्रुत आपल्या सरकारी रुग्णालयांत चालतं, पण ते घरबसल्या उघडून तपासता येत नाही. त्यासाठी त्या त्या रुग्णालयाची परवानगी लागते आणि तो वेगळाच अभ्यास होतो.

तिघांचं मूळ माहीत असलं की पुढचं बरंच आपोआप कळतं. ओपनईएमआर अमेरिकेतल्या छोट्या दवाखान्यांच्या गरजेतून वाढलं, त्यामुळे अपॉइंटमेंटची दिनदर्शिका आणि विम्याचं बिल या गोष्टी त्यात ठळक आहेत. ओपनएमआरएसची सुरुवात २००४ची. इंडियानातली रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट आणि पार्टनर्स इन हेल्थ यांनी ते उभं केलं, पार्श्वभूमी होती केनियातल्या एचआयव्ही उपचारांची. तिथं तोच रुग्ण वर्षानुवर्षं येत राहणार आणि दर भेटीला तीच मोजमापं होणार. बाह्मनी आपल्या देशातलं आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगचं रुग्णालय आहे. तिथली गरज समोर ठेवून थॉटवर्क्सनं ते बांधलं. त्यात रुग्णाची नोंद ओपनएमआरएस सांभाळतं, लॅब ओपनईएलआयएस बघतं आणि बिल व औषधसाठा ओडूकडे असतो. वरून एकच पडदा, आत तीन संसार.

आता शांताबाई पहिल्याच रकान्यात अडखळतात: जन्मतारीख. माझी आजी आपलं वय सांगताना म्हणते, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला पोटात होता. म्हणजे ११ डिसेंबर १९६७. त्यावरून मागे जात आपण वय काढायचं. ओपनएमआरएसमध्ये (आणि त्यामुळे बाह्मनीतही) जन्मतारखेशेजारी 'ही तारीख अंदाजे आहे' अशी खूण ठेवायला जागा आहे. ओपनईएमआरच्या मूळ रचनेत तारखेचा साधा रकाना आहे. अंदाजाची खूण हवी तर स्वतःहून वेगळा रकाना जोडावा लागतो. बारीक गोष्ट वाटते ना? पण डेटा हातात आल्यावर कळतं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून टाकायचे, त्यामुळे अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. सॉफ्टवेअरमध्ये नुसतं वय टाकलं की बहुधा १ जानेवारी बसते. आलेख काढला तर या दोन तारखांवर दोन सुळके उभे राहतात. अंदाजाची खूण असेल तर हे रुग्ण वेगळे काढता येतात. नसेल तर खरोखर १ जूनला जन्मलेला कोण आणि गुरुजींचा कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दुसरा अडथळा आतल्या मांडणीचा. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण संशोधक म्हणून तुमचं निम्मं आयुष्य इथंच जाणार आहे. ओपनईएमआरमध्ये बीपी, वजन, नाडी यांची नोंद म्हणजे शाळेचं प्रगतिपुस्तक: एका भेटीची एक ओळ आणि प्रत्येक मोजमापाचा ठरलेला रकाना. ओपनएमआरएसमध्ये तीच नोंद किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखी असते. वरचं बीपी एक ओळ, खालचं बीपी दुसरी, वजन तिसरी. प्रत्येक ओळीत कुणाचं, कधी, काय आणि किती. 'काय' ठरवायला एक शब्दकोश असतो, त्यातल्या नोंदीला तिथं कॉन्सेप्ट म्हणतात.

प्रगतिपुस्तक वाचायला सोपं. एक्सेलमध्ये काढलं की लगेच सरासरी काढता येते. पण उद्या डॉक्टरांनी 'पायाची संवेदना तपासली का' हा प्रश्न वाढवायचा म्हटलं तर नवीन फॉर्म बांधावा लागतो. वहीच्या पद्धतीत शब्दकोशात एक शब्द घातला की झालं, जुन्या पानांना हात लावावा लागत नाही. मोल मात्र चुकवावं लागतं. दर रुग्णाची एक ओळ करायला वही उलटीपालटी करत बसावं लागतं, आणि मला पहिल्यांदा त्यात आठवडा गेला.

शिवाय एक खड्डा दोन्हीकडे आहे. वहीत ओळ नाही याचा अर्थ काय? पाय तपासले नाहीत, की तपासले आणि ठीक होते म्हणून लिहिलं नाही? प्रगतिपुस्तकात रिकाम्या जागी संगणकानं स्वतःहून शून्य बसवलं असेल, तर शून्य किलो वजनाचे रुग्ण सरासरीत शिरतात. म्हणून मी तुलनेत एक प्रश्न घातला: 'तपासलं नाही' आणि 'तपासलं, ठीक आहे' या दोन गोष्टी या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या नोंदवता येतात का आणि सिस्टरला त्यासाठी किती जास्तीचे क्लिक लागतात? कुठल्याही जाहिरातपत्रकात हा प्रश्न सापडणार नाही.

आता ॲलर्जी. ओपनईएमआरमध्ये रुग्णाच्या समस्यांच्या यादीत ॲलर्जीचा एक प्रकार आहे. ओपनएमआरएसमध्ये २.० आवृत्तीपासून ॲलर्जीला स्वतःची स्वतंत्र जागा आहे. म्हणजे 'होय' आणि 'होय'. आता कराडच्या त्या कार्डावर होतं तसं मी मराठीत टाइप केलं: 'सल्फाची गोळी चालत नाही'. पडद्यावर ते दिसतं आणि माणसाला वाचता येतं. पण महिन्याभरानं दुसरा डॉक्टर कोट्रायमॉक्साझोल लिहितो, तेव्हा या वाक्याचा आणि त्या औषधाचा संबंध संगणकाला कळायचा कसा? त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. ॲलर्जी मोकळ्या वाक्यात नाही तर यादीतून निवडलेली हवी. औषधही यादीतलंच हवं. आणि कोट्रायमॉक्साझोलमध्ये सल्फामेथॉक्साझोल असतं, ते सल्फा गटातलं आहे, ही साखळी कुणीतरी त्या यादीत आधीच भरलेली हवी. तिन्हीतली एक कडी निसटली तर इशारा येत नाही. सॉफ्टवेअर कोणतंही असो, मोकळ्या वाक्यानं काम भागत नाही. मग तक्त्यात 'ॲलर्जी: होय' लिहून मी नेमकं काय मोजलं होतं? तर पडद्यावर एक रकाना आहे, एवढंच.

या साखळ्या आपण घरी बसून बांधायच्या नाहीत, त्या जगानं बांधून ठेवल्या आहेत. रोग, लक्षणं, ॲलर्जी यांच्यासाठी स्नोमेड सीटी, लॅबच्या तपासण्यांसाठी लॉइंक, आजारांच्या वर्गवारीसाठी आयसीडी. केंद्र सरकारनं ईएचआरची मानकं २०१३मध्ये जाहीर केली, २०१६मध्ये सुधारली, आणि त्यात ही नावं आहेत. भारत २०१४पासून स्नोमेडचा सदस्य देश असल्यानं आपल्याला ते देशात मोफत वापरता येतं, आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. पुण्यात शिकणाऱ्यांनी तरी याचा फायदा घ्यावा.

पण थांबा, यादीतून निवडायची सक्ती केली तर सगळं सुटलं असं नाही. ओपीडीला साठ माणसं बसलेली असताना डॉक्टर यादीत शोधत बसत नाहीत. पहिलं दिसेल ते निवडतात किंवा 'इतर' निवडून मोकळं वाक्य लिहितात. म्हणून रचना बघून भागत नाही, माणूस ती वापरताना बघावा लागतो.

तिथं दोन साधनं उपयोगी पडली. एक म्हणजे वेळ आणि क्लिक मोजणं. इथं नवखे हमखास एक चूक करतात, मीही केली. एकाच सिस्टरला शांताबाईची गोष्ट आधी ओपनईएमआरमध्ये, मग ओपनएमआरएसमध्ये, मग बाह्मनीत भरायला लावली. अर्थातच शेवटच्यात सगळ्यात कमी वेळ लागला. पण ते बाह्मनी सोपं म्हणून, की तोवर गोष्ट पाठ झाली म्हणून? तीन सॉफ्टवेअरचे क्रम सहा प्रकारे लागतात. बारा जण घेतले तर प्रत्येक क्रमाला दोघं येतात आणि पाठांतराचा फायदा सगळ्यांत सारखा वाटला जातो. संख्याशास्त्राची पदवी घेऊनही मला हे मॅडमनीच सांगावं लागलं!

दुसरं साधन म्हणजे सिस्टम युजॅबिलिटी स्केल, थोडक्यात एसयूएस. जॉन ब्रुक यांनी १९८६मध्ये तयार केलेली दहा वाक्यांची प्रश्नावली. प्रत्येक वाक्याशी किती सहमत, ते १ ते ५मध्ये सांगायचं. विषम क्रमांकाची वाक्यं कौतुकाची, सम क्रमांकाची तक्रारीची. विषम वाक्याच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम वाक्याचं उत्तर ५मधून वजा करायचं, सगळ्याची बेरीज करून २.५नं गुणायचं. शून्य ते शंभरमध्ये आकडा येतो, पण त्याला टक्के म्हणू नका, ते टक्के नाहीत. आणि भाषांतर नीट करा. तक्रारीची वाक्यं मराठीत आणताना 'नाही'वर 'नाही' चढलं की माणूस गोंधळतो आणि उलटं उत्तर देतो. एकानं मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून बघायचे. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

लॅबच्या रिपोर्टमध्ये बाह्मनीची गंमत कळते. लॅब त्याच रुग्णालयात असेल तर क्रिएटिनिनचा आकडा ओपनईएलआयएसमधून रुग्णाच्या नोंदीत आपणहून येतो, कुणाला परत टाइप करावा लागत नाही. गनियारीसारख्या ठिकाणी हे वरदान आहे. पण शांताबाईंची तपासणी कराडला झाली आहे आणि रिपोर्ट कागदावर आहे. मग उंब्रजच्या टेबलावर तो एकतर हातानं भरायचा किंवा मोबाइलवर फोटो काढून चिकटवायचा. फोटोतला आकडा आलेखावर चढत नाही. एका छपराखाली सगळं असलेल्या रुग्णालयासाठी जे सॉफ्टवेअर सरस ठरेल, तेच दोन खोल्यांच्या दवाखान्यात उगाच जड पडेल. त्यामुळे 'सगळ्यात चांगलं ईएमआर कोणतं' हा प्रश्न सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. 'किती खाटांच्या, कुठल्या, लॅब आत असलेल्या की बाहेर असलेल्या दवाखान्यासाठी' हे लिहा.

रुग्णाबरोबर नोंद फिरण्याचा जो भाग आहे, त्यासाठी आता आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे. २७ सप्टेंबर २०२१ला ते देशभर सुरू झालं. रुग्णाला चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो. अनेकांना वाटतं की सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीत एका जागी साठतात. तसं नाही. नोंद ज्या त्या दवाखान्यातच राहते आणि रुग्णानं संमती दिली की एफएचआयआर नावाच्या ठरलेल्या साच्यात दुसरीकडे जाते. त्या साच्यात जन्मतारखेच्या जागी नुसतं सालसुद्धा चालतं, हे वाचून मला आजी आठवली. पण कराडनं संगणकात काही भरलंच नसेल, किंवा मोकळ्या वाक्यात भरलं असेल, तर तासगावला पोहोचणार काय? मोकळं वाक्यच.

लाईट आणि नेटचा प्रश्न मी सुरुवातीला 'किरकोळ' या सदरात टाकला होता. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले आणि कित्येक दिवस ओपीडीपासून लॅबपर्यंतची कामं हातानं कागदावर करावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपल्याकडे पावसाळ्यात तार तुटल्यावर काय होईल? म्हणून शांताबाईच्या गोष्टीत एक प्रसंग वाढवला: नोंद अर्धी झालेली असताना प्लग काढायचा. परत चालू केल्यावर किती शिल्लक राहतं ते बघायचं आणि मधल्या वेळेत कागदावर लिहिलेलं नंतर आत कोण, कधी आणि कुठल्या तारखेनं भरणार, ते विचारायचं. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी माणसं एकमेकांकडे बघतात.

चाळीस ओळींचा तक्ता गेला, अकरा प्रसंग उरले. प्रत्येक प्रसंगासमोर होय-नाहीऐवजी काय घडलं त्याचं दोन ओळींचं वर्णन, लागलेला वेळ आणि आत कुठल्या तक्त्यात काय साठलं ते. बेरीज करून क्रमांक लावणं सोडून दिलं. ॲलर्जीचा इशारा आला नाही, ही उणीव सुंदर दिनदर्शिकेच्या गुणांनी भरून काढायची कशी, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

एक सूचना राहिली. चाचणीसाठी खऱ्या रुग्णाची नोंद कधीही वापरू नका, ओळखीच्या डॉक्टरांनी सहज पेनड्राइव्ह पुढे केला तरीही. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती या दोन्ही गोष्टी हातात आल्याशिवाय एकही कागद उघडायचा नाही. शांताबाई तयार करताना मला आजीच्या रिपोर्टमधले आकडे नमुन्यादाखल हवे होते. म्हणून मराठीत छापलेलं संमतिपत्र घेऊन मी उंब्रजला गेले, तिला वाचून दाखवलं आणि सही मागितली. तिनं चष्मा लावून कागद उलटसुलट बघितला, सही केली आणि म्हणाली, "सही कशाला पाहिजे, पिशवीच घिऊन जा की. रेशनकार्ड तेवढं ठेव."